काटा तेवढा तुझा

४ जानेवारी १९८७

मुंबईच्या जावयाने डायरी पाठवली, त्याच्या पतपेढीची. प्रत्येक पानाच्या तळाशी आरोग्याचा एक सुविचार छापलाय. आजचा: ‘सकस आहार, तल्लख विचार.’ पतपेढीने व्याज सांभाळावं. माझ्या ताटात कशाला डोकावतेय?

तरी लिहायचं ठरवलं. गाण्याच्या ओळी सुचतात आणि पळतात, म्हणून. पूर्वी पळत नव्हत्या. हल्लीच्या ओळींना शिस्त उरलेली नाही.

आज दुकानात एक गिऱ्हाईक सदरा परत घेऊन आलं. म्हणे दोन्ही बाह्या डाव्या. मी त्याला उभा केला, खांदे पाहिले. उजवा खांदा बसका. देवाने खांदा बसका करायचा आणि बोल शिंप्याने खायचा! चांगला झापला. तो गेल्यावर धाकूने (माझ्याकडे काजे-बटणं करतो, आणि आमच्या नाचमंडळात ढोलकी वाजवतो) मुकाट्याने एक बाही उसवली आणि नवी कापायला घेतली. मी विचारलं, काय करतोस? म्हणाला, “काय नाय बुवा. खांदा बसका हाय ना, त्येचा इलाज.”

१८ जानेवारी

गोदाने जेवणात मीठ घालायचं सोडलं आहे.

“आमटीत मीठ नाही.”

“हाय की.”

“मग माझ्या वाटणीला आलं नाही.”

“तुमच्या जिभेलाच कायतरी झालाय. आरशात बघा. कशी लालभडक, गुळगुळीत दिसते ती.”

जीभ! शाहीर केरूची जीभ! रत्नागिरी तालुक्यात शक्ती-तुऱ्याचा सामना असला की लोक माझ्या जिभेसाठी कोस कोस चालत येतात. तुरेवाल्यांच्या बाजूने मी आणि समोर शक्तीवाल्यांचा सखाराम, पालीचा. तो सवाल टाकतो, मी जागच्या जागी गाणं रचून त्याची शेंडी कापतो. कापड शिवून पोट भरतो, जिभेने इज्जत कमावतो. ती जीभ आता बायको तपासणार.

याच सखारामाने पाच वर्षांपूर्वी गणपतीत भर सभेत टोमणा मारला होता:

‘तोंडाला येतो बांगड्याचा वास,
आन् म्हणे मी शंभूचा दास!’

सभा खदखदून हसली. मीही उठलो. गुरूच्या ढोलकीवर हात ठेवून म्हणालो, “आजपासून मासा, मटण, अंडं, काही जिभेला लावणार नाही. सखाराम स्वतःच्या तोंडाने, भर सभेत हा बोल मागे घेईल तेव्हाच खाईन.” सभा उभी राहिली. सखारामाचं तोंड एवढंसं झालं. तो सामना मी जिंकला.

त्याने बोल अजून मागे घेतलेला नाही. मीही खाल्लेलं नाही. दूध घशात कफ करतं, दही-ताकाने आवाज बसतो, त्यामुळे तेही गाणारा माणूस म्हणून मी कधीच घेत नाही. भात, आमटी, भाजी, कोरा चहा. सात्त्विक. आणि वर ही बाई मीठ घालत नाही.

२५ जानेवारी

चपला करणाऱ्यांनी धंदा बंद करावा. भर बाजारात माझी उजवी चप्पल मागे राहिली आणि मी चार दुकानं पुढे गेलो. मागून एक बाई ओरडली तेव्हा कळलं. चपलेचा अंगठा इतका ढिला की पायाला चप्पल आहे की नाही तेही समजू नये! चांभाराकडे गेलो. तो म्हणाला, “शाहीर, अंगठा घट्ट हाय.” म्हणजे आता माझा पाय ढिला!

मशीनही दगा देतंय. पायटा कधी दाबला, कधी नाही, पायाखाली कळत नाही. तेल घातलं.

संध्याकाळी हवा खायला मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. गेले काही महिने रोज जातो. तिथली हवा मानवते. मासे विकणारी जाईबाई टोपलीमागून ओरडली, “काय शाहीर, घेत तर काय नाय, रोज येऊन नुसता वास घेता. वासाचे पैसे ठेवा हितं!”

मी म्हटलं, “मी समुद्र बघायला येतो.”

“समुद्र तुमच्या पाठीला हाय.”

४ फेब्रुवारी

काल आरे-वाऱ्याच्या बाजूला माघी गणपतीचा सामना झाला. मायक्रोफोनवाल्याला जन्मठेप द्यायला हवी.

गुरूंचा गण. तीस वर्षं म्हणतोय. दोन ओळी म्हटल्या आणि त्या मायक्रोफोनने अशी काही शीळ घातली की तिसरी ओळ डोक्यातून साफ धुतली गेली. पुढे नुसतं पांढरं. इस्त्री केलेल्या धोतरासारखं. धाकूने ढोलकीचा तोडा लांबवला, मग स्वतःच ओळ उचलली. लोकांना कळलंसुद्धा नसेल.

सखारामाला कळलं. त्याची पाळी आली. मी छाती काढून बसलो, की आता हा माझी चामडी सोलणार. मी तरी सोलली असती. त्याने एक साधं भजन म्हटलं आणि खाली बसला! नंतर पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याकडे आला. “केरू, बरा हायस ना?”

इतक्या वर्षांच्या वैरात हा माणूस माझ्याशी कधी गोड बोलला नव्हता. माझा असा अपमान आजवर कोणी केलेला नाही.

११ मार्च

दुकानातून घरी येताना गल्ली चुकलो. माझी गल्ली. एका अनोळखी दाराची कडी वाजवली, आतून अनोळखी बाई आली.

कोणाला सांगितलेलं नाही.

पानावरचा सुविचार: ‘रोज चार बदाम, बुद्धीला आराम.’ पान फाडणार होतो.

२ एप्रिल

एका वकिलाचा पांढरा सदरा शिवत होतो. धाकू एकदम ओरडला, “बुवा, रक्त!” बघतो तर सुई बोटात आरपार, कापडावर लाल डाग पसरलाय आणि मी आपला शिवतोच आहे. हल्लीच्या सुयांना टोकच नसतं. टोचली तर माणसाला कळायला नको?

धाकू बोट बांधत होता. त्याची गाठ तीनदा सुटली. रक्ताला घाबरतो लेकाचा. ढोलकी वाजवतो, पण काळीज उंदराचं.

१२ मे

गोदाने आज मला फसवून डॉ. मुकादमांकडे नेलं. मला सांगितलं, तिची कंबर दुखते. आत गेल्यावर म्हणते, “डॉक्टर, माझ्या कमरेला काय नाय. ह्यांना बघा.” आणि माझी सगळी लक्तरं टेबलावर मांडली. चप्पल, सुई, गण, दोन डाव्या बाह्या. चुकलेली गल्लीसुद्धा! ती हिला कोणी सांगितली? आमच्या गल्लीतल्या बायका म्हणजे आकाशवाणी.

डॉक्टर पिकल्या दाढीचा. आमचे सामने ऐकलेला. आधी जीभ बघितली. मग डोळ्याची खालची पापणी ओढली. मग दोन शिंगांचा एक लोखंडी चिमटा काढून गुडघ्यावर आपटला. तो गुणगुणायला लागला. पेटीतला पांढरी एकचा सूर, अगदी स्वच्छ. तो त्याने माझ्या घोट्याच्या हाडावर टेकवला.

“लागतं?”

“ऐकू येतं.”

“ऐकू नका शाहीर. हाडात थरथर लागते का?”

हाड गप्प होतं. मग त्याने तोच चिमटा गोदाच्या घोट्यावर ठेवला. ती “अगो बाय!” म्हणून उडाली.

“आता डोळे मिटून उभे राहा.” राहिलो. भिंत माझ्या अंगावर आली. डॉक्टरने धरलं म्हणून वाचलो. सरळ भिंती बांधायला काय होतं यांना?

मग उलटतपासणी. मासा? सोडला. अंडं? सोडलं. दूध? कफ होतो. दही, ताक? आवाज बसतो.

“संध्याकाळी कुठे फिरता?”

“मिरकरवाड्याला.”

“भाट्याचा एवढा मोकळा किनारा सोडून?” आणि म्हातारा हसला. यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

म्हणाला, बी-ट्वेल्व्ह नावाचं एक जीवनसत्त्व असतं. रक्ताला लागतं, नसांना लागतं, मेंदूला लागतं. भाजीपाल्यात ते नसतं. मासा, मटण, अंडं, दूध, यांतूनच येतं. पोटात उजवीकडे जे यकृत असतं त्यात त्याचा साठा असतो, तो काही वर्षं पुरतो. “तुमचा साठा संपला शाहीर. चव जाते ती त्यानेच. विसर पडतो तो त्यानेच. पायाखालची जमीन कळत नाही तीही त्यानेच. रक्त मुंबईला तपासायला पाठवतो, पण मला शंका नाही.”

म्हणजे इतकी वर्षं मी सखारामाशी लढलो ते जुन्या बांगड्यावर!

घरी येताना मी गोदाला म्हटलं, “शाहिरी सरस्वतीच्या कृपेने येते, मासळी बाजारातून नाही. मेंदूला बांगडा लागत असता तर मांजरांनी पोवाडे रचले असते.” ती वाटभर माझा दंड धरून चालत होती. लोक बघत होते. चालायला शिकल्यापासून असं कोणी मला धरून चालवलं नव्हतं.

७ जून

मुंबईचा कागद आला. म्हातारा म्हणाला तेच. इंजेक्शनं चालू आहेत. औषध लालभडक, कोकमाच्या आगळासारखं. टोचतो तो कंपाउंडर बाबल्या, आणि गाणी म्हणत टोचतो, तीही सखारामाची.

काल गुरूंचा गण अथपासून इतिपर्यंत म्हटला. दोनदा. अडलो नाही. पावसाळी हवा माझ्या डोक्याला मानवते, हे मी आधीच सांगत होतो.

२४ जून

फसवणूक! आज बाबल्या सुई खुपसता खुपसता म्हणाला, “शाहीर, पूर्वी ह्ये औषध जनावराच्या कलेजीपासून काढायचे, म्हाईत हाय?”

मी टेबलावरून उठलो. शर्टाचं बटण तसंच उघडं ठेवून डॉक्टरसमोर गेलो. “माझी शपथ मोडवलीत!”

“शाहीर, ती जुनी गोष्ट. आता सूक्ष्म जंतू पिंपात वाढवतात, त्यांच्यापासून काढतात. त्यात जनावर नाही.”

“जंतू म्हणजे काय दोडका आहे?”

म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. बाहेर बाकावर बसलेले पेशंटसुद्धा हसले. जिंकलो मी. पण तो उठून दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, “मन मानत नसेल तर मासे खा. मासे नको तर सुई घ्या. दोन्ही नको म्हणालात तर मी हात टेकले. एक सांगतो, नस एकदा पुरती मेली की परत येत नाही. तुमची जीभ ऐकायला मीही येतो हो गणपतीत.”

येईल तेव्हा बसवू पुढे. इंजेक्शन बंद. शाहिराने शब्द मोडला की उरतो तो नुसता शिंपी.

१९ जुलै

धाकू आला. टोपी काढून बसला. मग म्हणाला, “बुवा, औंदा गणपतीत गण मी म्हणू का? तुमी फकस्त सवाल-जवाब बघा.”

“आणि पुढच्या वर्षी सवाल-जवाबही तूच बघशील?”

“तसा नाय बुवा…”

“तसंच आहे. जा, काजे कर.”

तो गेल्यावर गण म्हणून बघितला. दुसऱ्या ओळीनंतर पुन्हा पांढरं. बाहेर पाऊस नुसता कोसळतोय, म्हणजे हवा तर मानवणारीच आहे. मग?

मला भीती वाटते. इथे लिहिलं, पुरे.

२६ जुलै

गोदाशी भांडण.

“सखारामालाच सांगा ना एकदा. बोल मागं घे म्हणावा.”

“मी? सखारामाला? हात जोडू?”

“हात कशाला जोडायला हवेत? तोंडानं सांगा.”

“तिरडीवरून उठून सांगेन हवं तर. त्याआधी नाही.”

“तिरडीवरून काय सांगणार?” ती म्हणाली. “तवा तुमाला त्येचा नावसुद्धा आठवणार नाय. माझा तरी आठवल काय, कुणाला ठाव.”

आणि उठून गेली. बायकांना भांडताना शेवटचा शब्द लागतो, म्हणून काहीही बोलतात. जेवलो नाही. तसाही चव नसलेला भात.

५ ऑगस्ट

भाताची लावणी आटोपली, म्हणून गोदा पालीला बहिणीकडे, सोनूबाईकडे जाऊन आली. सकाळच्या गाडीने गेली, दिवेलागणीला परत. पातळ गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. सोनूबाईचं घर हमरस्त्याला लागून, मग एवढा चिखल हिने कुठे तुडवला? विचारलं तर म्हणे, “पालीला काय चिखलाला तोटा?”

पिशवीत दोन तवशी. चांगल्या हातभर लांब काकड्या. सोनूबाईच्या परसात साधा भोपळा धरत नाही, आणि तवशी कुठून? असली तवशी पालीत एकाच मांडवावर होतात, त्या सखारामाच्या. त्यावर तो गाण्यात फुशारकी मारतो.

“शेजारनं मिळाली,” गोदा म्हणाली.

चोरटे शेजारी असणार. पालीचं पाणीच तसं. मी एक फोड खाऊन बघितली. बेचव.

४ सप्टेंबर

गौरी-गणपती बोळवून काल सामना झाला. संध्याकाळनंतर वीज टिकत नाही म्हणून भर दुपारी, शाळेच्या पटांगणात मांडव घालून. मुंबईकर, गाववाले, सगळे आलेले. डॉ. मुकादम खरोखरच पुढच्या खुर्चीवर. गोदा बायकांत.

गण धाकूने म्हटला. मी मान डोलावत बसलो, जणू मीच तसं ठरवलं होतं. नाचणारे गोल फिरत होते, त्यांच्या पायांतले चाळ वाजत होते. मला ऐकू येत होते, पायाखालच्या फळीतून लागत नव्हते.

मग सखाराम उठला. कानावर हात ठेवला. मनाशी म्हटलं, आता भजन म्हणशील तर जीव घेईन तुझा. त्याने सूर लावला:

‘पाच वर्सं घासफूस खाऊन जीभ तुझी बोथटली,
बोथट सुरीशी झुंजायची माझी हौसच रं फिटली!
घेतो मागं बोल माझा ह्या सभेच्या साक्षीनं,
जा घरी, खा बांगडा, मग भांड खऱ्या खुन्नशीनं!’

 मग अशी काही आरोळी उठली की वरची माडाची झापं हलली.

बोथट! मला बोथट म्हणाला! संतापाने माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मी उठलो, तो धाकूच्या खांद्याला धरून, पण उठलो. ओळ शोधावी लागली नाही. आपणहून दारात येऊन उभी राहिली, पूर्वी राहायची तशी:

‘तुझ्या शब्दाखातर खातो, सखाराम, बांगडा ताजा,
मांस सगळं पोटात माझ्या, काटा तेवढा तुझा!’

टोप्या उडाल्या. डॉक्टर म्हातारा खुर्चीवर उभा राहून टाळ्या पिटत होता. सखारामही हसत होता. एवढा टोला खाऊन हसतो! निर्लज्ज. डोळे पुसत होता वर. चाळांची धूळ गेली म्हणाला.

नंतर मी धाकूला कोपऱ्यात घेतलं. “माझ्या जिभेची गोष्ट सखारामाला कोणी सांगितली?”

“देवाशपत मी नाय बुवा.”

“मग कोणी?”

धाकूने बायकांच्या बाजूला बघितलं. मीही बघितलं. तिथे गोदाशिवाय कोणी नव्हतं, आणि ती मांडवाची झापं मोजत होती. शेवटी कळलं नाहीच. शोधून काढीन.

५ सप्टेंबर

जाईबाई स्वतः टोपली घेऊन दारात. म्हणे, “शाहीर, आजवरच्या वासाचे पैसे माफ.”

गोदाने बांगडे तळले. ताट पुढे ठेवलं आणि स्वतःच माझ्यासमोर बसून काटे काढायला लागली.

“मी काय पोर आहे?”

“तुमच्या बोटांना काटा कळत नाय अजून. गप खावा.”

आणि एकेक घास सोलून ताटात ठेवत गेली. पंचावन्न वर्षांचा माणूस, तालुक्याचा शाहीर, आणि बायको काटे काढून देतेय! मी निषेध म्हणून पाच खाल्ले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“धूर फार झालाय,” मी म्हटलं.

“होय,” ती म्हणाली. चूल विझलेली होती.

उद्यापासून सुईही घ्यायची आहे. डॉक्टर म्हणाला, नुसत्या बांगड्याने एवढा मोठा खड्डा भरायचा नाही. बोल मागे घेतलेला आहे, तेव्हा जंतू काय आणि दोडका काय.

१५ नोव्हेंबर

दुकानात गर्दी. दोन्ही बाह्या जिथल्या तिथे. नव्या चांभाराची चप्पल पायात राहते. (जुनाच चांभार आहे, असं धाकू म्हणतो. त्याला काय कळतं?) डाव्या पायाची दोन बोटं अजून मुकी आहेत. ती बोलतील की नाही, डॉक्टर सांगत नाही. दुपारी गण म्हटला, अडलो नाही.

आजचा सुविचार: ‘जेवताना मौन पाळा.’ हे कोणा बिनलग्नाच्या माणसाने लिहिलंय.

जेवायला बांगडा होता. गोदाने नेहमीसारखं ताट ओढून काटे काढायला घेतले. मी ताट परत ओढलं. ती ओढते, मी ओढतो. त्या झटापटीत माझ्या उजव्या हाताच्या बोटात कचकन काटा घुसला आणि मी आईच्या नावाने बोंब ठोकली.

गोदाने ताट सोडलं.

“टोचला?”

“टोचला म्हणजे? कळ पार डोक्यात गेली! तुझ्या ओढाओढीने!”

“खरंच टोचला?” असं म्हणून ही बाई हसायला लागली. नवऱ्याच्या बोटातून रक्त येतंय आणि ही खो-खो हसतेय, हसता हसता रडतेय, आणि शेजारणीला हाका मारतेय, “अगो राही, ऐकलास काय, ह्यांना काटा टोचला!”

काटा सखारामाचा, असं मी भर सभेत सांगितलं होतं. तो माझ्या बोटात आला. त्याला याचा जाब विचारायला उद्या पहिल्या गाडीने पालीला जातोय. जाताना चार बांगडे न्या, असं गोदा म्हणते. वैऱ्याला बांगडे!

मी म्हटलं, सहा दे. चाराने त्याचं काय होणार.